निळीने वसवलेले शहर

आमच्या लहानपणी धुण्याच्या दिवशी शेवटच्या बादलीत निळीची पुरचुंडी बुडवली जाई. शाळेचे पांढरे सदरे त्या निळसर पाण्यातून काढून दोरीवर टाकले, की वाळल्यावर ते नुसते पांढरे नव्हे, तर पांढरेशुभ्र दिसत. जुन्या कपड्याला आलेली पिवळट झाक निळ्या कणांमुळे झाकली जाते, एवढेच त्यामागचे शास्त्र. ही नीळ आणि चंपारणच्या शेतकऱ्यांना सक्तीने पिकवावी लागलेली नीळ यांत मात्र नावाखेरीज काहीच समान नाही. चंपारणची नीळ झुडपाच्या पानांतून निघते. धुण्याची पूड म्हणजे अल्ट्रामरीन हे खनिज रंगद्रव्य, आणि ते भट्टीत तयार होते. जर्मनीतील एका खेड्याचे औद्योगिक शहर झाले, त्याची सुरुवात या पुडीपासून झाली. त्या शहराचे नाव लेव्हरकूझेन.

इतिहासाच्या पुस्तकात ‘औद्योगिक क्रांती’ हा धडा असतो. त्यात यंत्रे असतात, संशोधकांची नावे असतात. पण एखाद्या गावाचे शहर होते, तेव्हा नेमके काय काय घडते, हे धड्यात फारसे येत नाही. म्हणून आपण हे एकच गाव घेऊन जरा सावकाश पाहू.

खेडे आणि भट्टी

जर्मनीच्या पश्चिम भागात, कोलोन शहराच्या थोडे उत्तरेला, ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावर वीसडॉर्फ नावाचे खेडे होते. शेती आणि मासेमारी हा तेथील लोकांचा व्यवसाय. जमीन सपाट, नदीकाठी कुरणे, आणि पुराचे भय नेहमीचेच.

तेथून काही अंतरावर, डोंगराळ भागातील वेर्मेल्सकिर्शेन या गावी कार्ल लेव्हरकूस (१८०४–१८८९) यांचा अल्ट्रामरीनचा कारखाना होता. लेव्हरकूस मूळचे औषधी व्यवसायातले आणि रसायनशास्त्र शिकलेले. पूर्वी हा निळा रंग मिळवण्यासाठी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द हा मौल्यवान दगड कुटावा लागे. युरोपातील चित्रकारांना तो परवडत नसे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन यांनी तो कृत्रिमरीत्या तयार करण्याच्या पद्धती शोधल्या. त्याला लागणारे पदार्थ अगदी साधे आहेत: पांढरी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळशाची पूड. हे मिश्रण बंद भांड्यात बराच वेळ तापवायचे. मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना यांच्या स्फटिकांत पिंजऱ्यासारख्या पोकळ्या तयार होतात, आणि गंधकाच्या तीन-तीन अणूंचे भारित गट त्या पोकळ्यांत अडकून पडतात. निळा रंग या अडकलेल्या गंधकाचा असतो.

पदार्थ साधे असले तरी जड आहेत. माती, सोडा आणि भट्टीसाठी भरपूर कोळसा डोंगरात गाड्यांनी चढवायचा आणि तयार माल पुन्हा खाली आणायचा, हा खर्च मोठा होता. ऱ्हाईनवर मात्र बोटी चालत. म्हणून १८६१ च्या सुमारास लेव्हरकूस यांनी आपला कारखाना वीसडॉर्फजवळ नदीकाठी आणला. कारखान्याभोवती जी छोटी वस्ती झाली, तिला त्यांनी ‘लेव्हरकूझेन’ हे नाव दिले. त्यांच्या घराण्याचे मूळ ठिकाण असलेल्या एका वाडीचे हे नाव. वाडीवरून आडनाव पडले, आणि ते नाव पुन्हा एका नव्या वस्तीला मिळाले. अशी आडनावे आपल्याकडेही असल्याने मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये.

वुपर नदीचे रंग

याच काळात जवळच्या वुपर नदीच्या खोऱ्यात दुसरा रंगाचा धंदा वाढत होता. १८६३ साली बारमेन येथे फ्रीडरिश बायर हे रंगांचे व्यापारी आणि योहान वेस्कोट हे रंगारी यांनी भागीदारीत कारखाना काढला. दगडी कोळशापासून वायू आणि कोक तयार करताना डांबर मागे उरते. त्या डांबरापासून कापडाचे रंग तयार करता येतात, हे नुकतेच कळले होते. १८६९ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातील ॲन्थ्रासीनपासून ॲलिझरीन तयार केले. मंजिष्ठाच्या जातीच्या झुडपाच्या मुळांतून शतकानुशतके जो लाल रंग मिळत असे, तोच हा रंग. पुढे काही वर्षांतच युरोपातील मंजिष्ठाची शेती बसली.

बायर यांचा कारखाना एल्बरफेल्ड येथे वाढला. (बारमेन आणि एल्बरफेल्ड मिळून आज वुपरटाल हे शहर आहे.) पण हे खोरे अरुंद. विस्ताराला जागा नाही, आणि वुपर ही लहान नदी. कारखान्यांचे रंगीत सांडपाणी घेऊन ती वाहत होती. नकाशात या नदीवर बोट ठेवून खाली खाली आलो, तर आपण कोठे पोचतो? वुपर ऱ्हाईनला मिळते, ती आजच्या लेव्हरकूझेन शहराच्या हद्दीत. म्हणजे रंगाचा कारखाना येण्यापूर्वीच त्याचे सांडपाणी या परिसरात येऊन पोचले होते.

१८९१ मध्ये बायर कंपनीने लेव्हरकूस यांच्या वारसांकडून वीसडॉर्फजवळची कारखान्याची जमीन घेतली. कंपनीला काय मिळाले? मोठी नदी, सपाट स्वस्त जमीन, कोळसा आणि खनिजे आणायला जलमार्ग, भट्ट्या आणि यंत्रे थंड करायला हवे तेवढे पाणी. आणि सांडपाणी सोडायला वुपरपेक्षा कितीतरी मोठा प्रवाह.

कागदावर आखलेला कारखाना

त्या काळातील बहुतेक कारखाने गरज पडेल तसे वाढत. आज एक शेड, उद्या तिला लागून दुसरी. कार्ल ड्यूसबर्ग (१८६१–१९३५) या रसायनशास्त्रज्ञाने हे टाळायचे ठरवले. १८९५ मध्ये त्यांनी नव्या कारखान्याच्या रचनेविषयी एक सविस्तर टिपण लिहिले. कच्चा माल नदीकडून आत येईल. आधी गंधकाम्लासारखी मूळ रसायने, मग त्यांपासून मधली रसायने, आणि शेवटी रंग, अशा क्रमाने इमारती असतील. एका विभागाचा पक्का माल हा पुढच्या विभागाचा कच्चा माल. रुंद सरळ रस्ते, चौकोनी विभाग, मधून मालाचे रूळ, आणि प्रत्येक विभागाला पुढे वाढायला मोकळी जागा. रासायनिक क्रियांची साखळी जणू जमिनीवर उतरवली होती. पुढे अनेक रासायनिक कारखाने या नमुन्यावर बांधले गेले.

कारखाना आखता आला, पण माणसे कोठून आणायची? वीसडॉर्फ लहान होते. एल्बरफेल्डच्या कामगारांना आणि संशोधकांना तिकडे जाणे म्हणजे शिक्षेची बदली वाटे, आणि त्यावर तिरकस कवने केली जात. म्हणून कंपनीने स्वतःच गाव वसवायला घेतले. कामगारांसाठी बागा असलेल्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कंपनीचे दुकान आले, ग्रंथालय आले. १९०४ मध्ये कामगारांच्या मागणीवरून खेळांचा संघ निघाला. त्यातूनच झालेल्या फुटबॉल संघाच्या नावात आजही ‘०४’ हा आकडा आहे. १९०८ मध्ये नाटके आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी मोठे सभागृह झाले. १९१२ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यालयही येथे आले.

या सोयी खऱ्या होत्या, आणि त्या काळच्या जर्मन कामगारांच्या चाळींच्या तुलनेत ही घरे पुष्कळच चांगली होती. पण घर, दुकान आणि करमणूक ज्याच्या हाती, त्याचीच नोकरी सोडणे किंवा त्याच्याशी भांडणे सोपे नसते, हेही लक्षात घ्यायला हवे.

१९२१ मध्ये वीसडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला. १९३० मध्ये वीसडॉर्फ, श्लेबुश, श्टाइनब्यूशेल आणि ऱ्हाईनडॉर्फ ही गावे एकत्र करून नवे शहर झाले. त्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४२ हजार होती. नाव कोणते द्यायचे? जुन्या खेड्यांपैकी एकाचेही नाही, तर कारखान्याच्या वस्तीचे: लेव्हरकूझेन. १९३३ मध्ये कारखान्याच्या दोन धुराड्यांमध्ये कंपनीचे गोल बोधचिन्ह विजेच्या दिव्यांनी उजळले. त्याचा व्यास ७२ मीटर होता. गावातले सर्वांत उंच काय, याचे उत्तर युरोपच्या बहुतेक खेड्यांत चर्चचे शिखर असे असते. येथे ते बदलले होते.

रंग आणि दारूगोळा

रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी अशी एक गोष्ट येथे आहे. बेन्झीनवर नायट्रिक आम्ल आणि गंधकाम्ल यांच्या मिश्रणाची क्रिया केली, की नायट्रोबेन्झीन मिळते. त्यापासून ॲनिलीन आणि पुढे रंग तयार होतात. टोल्युइनवर तीच क्रिया तीनदा केली, की टीएनटी हे स्फोटक मिळते. भांडी तीच, आम्ले तीच, कामगारही तेच. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) जर्मनीतील रंगांचे कारखाने स्फोटके आणि विषारी वायू तयार करू लागले. लेव्हरकूझेनही त्यांत होते, आणि ड्यूसबर्ग यांचा त्यात पुढाकार होता. मनुष्यबळ कमी पडले, तेव्हा बेल्जियममधून सक्तीने कामगार आणण्याचाही त्यांनी आग्रह धरला.

१९२५ मध्ये जर्मनीतील मोठे रासायनिक कारखाने एकत्र येऊन ‘आय. जी. फार्बेन’ ही प्रचंड कंपनी झाली. दुसऱ्या महायुद्धात लेव्हरकूझेनमध्ये वेठबिगार राबवले गेले. याच कंपनीने ऑशविट्झच्या छळछावणीलगत कारखाना उभारून कैद्यांना तेथे जुंपले. तिच्या संचालकांवर १९४७–४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे खटला चालला, आणि कंपनीचे तुकडे झाले. त्यांतून १९५१ मध्ये बायर पुन्हा स्वतंत्र झाली.

याच कारखान्यात १९३७ मध्ये ओटो बायर (संस्थापकांशी यांचे नाते नव्हते) यांनी पॉलियुरेथेन शोधले. आपल्या गाद्या-सोफ्यांतील स्पंज त्यापासून होतो. उपयोगी शोध आणि घातक उत्पादन या दोन्ही गोष्टी एकाच आवारात घडल्या. इतिहास शिकवताना दोहोंपैकी एक गाळली, तर गोष्ट खोटी होते.

आराखड्यात नसलेली गोष्ट

प्रत्येक रासायनिक क्रियेत हव्या असलेल्या पदार्थाबरोबर नको असलेलेही काही निघते. भट्टीची मळी, क्रोमियमयुक्त गाळ, क्लोरीनयुक्त कार्बनी अवशेष. यांचे काय करायचे? सोपे उत्तर शेजारीच होते. ऱ्हाईनच्या काठी ड्यून या छोट्या नदीच्या मुखाजवळ सखल कुरणे होती. त्यांना ड्यूनआऊ म्हणत. १९२० च्या दशकापासून कारखान्याचा कचरा तेथे टाकणे सुरू झाले. शहराचा घरगुती कचराही पडू लागला. खड्डे भरले, जमीन उंच झाली, आणि पुराचे भय कमी झाले. हा भराव १९६० च्या दशकापर्यंत चालू होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहराला घरांची निकड होती. निर्वासित येत होते, उद्योग वाढत होता, आणि पुढे इटली व तुर्कस्तानातूनही कामगार आले. १९५० च्या दशकात या भरावावर माती पसरून घरे बांधली गेली. शाळा आणि बालवाडीही झाली. त्या घरांच्या परसात लोकांनी भाजीपाला लावला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस माती आणि भूजल तपासले गेले, तेव्हा त्यांत जड धातू आणि क्लोरीनयुक्त कार्बनी रसायने आढळली. शेकडो रहिवाशांना दुसरीकडे हलवावे लागले, आणि घरे पाडली गेली.

एवढा भराव उपसून न्यायचा कोठे, हा प्रश्न होता. म्हणून तो जागीच बंदिस्त करण्यात आला. वरून पाणी झिरपू नये म्हणून आवरण घातले, ऱ्हाईनकडे विषारी भूजल जाऊ नये म्हणून जमिनीत भिंत उभारली. अडलेले पाणी उपसून शुद्धीकरणाला पाठवले जाऊ लागले. त्या आवरणावर बाग फुलवली गेली, आणि २००५ मध्ये तेथे राज्याचे उद्यान प्रदर्शन भरले. आता ती जागा सार्वजनिक उद्यान आहे. वर मुले खेळतात, पण आवरण, भिंत आणि भूजल यांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवावे लागणार. त्या काळी वाचलेला खर्च असा लांबणीवर पडला होता.

पुढे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आणि घातक कचरा जाळण्याची भट्टी बांधली गेली. ऱ्हाईनचे पाणी पूर्वीपेक्षा खूपच सुधारले. पण २७ जुलै २०२१ रोजी शहराच्या ब्यूरिश भागात, याच कचरा जाळण्याच्या प्रकल्पातील टाक्यांचा स्फोट झाला. सात कामगार मरण पावले. अपघात उत्पादनाच्या विभागात झाला नाही, तर टाकाऊ पदार्थांच्या टाक्यांत झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वर्गात काय विचारावे?

ड्यूसबर्ग यांचे टिपण म्हणजे नियोजनाचा उत्तम नमुना. माल कोठून येईल, कोठे जाईल, उद्या किती जागा लागेल, सगळे त्यात होते. तरीही उरलेल्या मळीची शेवटची जागा ठरली नव्हती, आणि ती शहराखालीच निघाली. त्यांना रसायनशास्त्र कमी येत होते, असे कोणी म्हणणार नाही. पण विक्रीला न जाणारा पदार्थ त्यांच्या हिशेबात आला नाही.

आपल्याजवळच्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीबद्दल विद्यार्थ्यांना पाच प्रश्न विचारता येतील. येथे कारखाना येण्यापूर्वी काय होते? पाणी कोठून येते? कच्चा माल कोणत्या वाटेने येतो? कामगार कोठून आले आणि कोठे राहतात? आणि जे विकले जात नाही, ते कोठे जाते? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे मुले चटकन शोधून आणतील. पाचव्यासाठी बहुधा हिंडावे लागेल, म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागेल.

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करून दाखवावा. धुण्याची कोरडी पूड-नीळ (पातळ नीळ नको, ती बहुधा वेगळ्या रंगांची असते) अगदी चिमूटभर परीक्षानळीत घ्यावी, आणि शिक्षकांनी स्वतः, उघड्या हवेत, तीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकावेत. निळा रंग नाहीसा होतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. नळी नाकाशी मात्र नेऊ नये, कारण तो हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी असतो. पिंजरा मोडला, की आत कोंडलेला गंधक असा बाहेर पडतो. तो नाहीसा झालेला नव्हता, फक्त दिसत नव्हता. लेव्हरकूझेनची गोष्ट सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात आम्हाला सुचत नाही.