पाटणच्या बाजाराने पोसलेले गणित

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचा शेवट संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, असे तो सांगतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून हा मठ स्थापला होता. सोइदेव निकुंभाचे दान इ. स. १२०७ चे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

त्या ग्रंथांतला मुख्य म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’ (११५०). त्यातल्या ‘ज्योत्पत्ती’त ज्या काढण्याच्या रीती आहेत, दहावीच्या ‘सरळ रूप द्या’चे हे जुने घर. मी राहतो त्या कॉटन ग्रीनमधली मुले तीन नित्यसमानता घोकतात आणि विचारतात, याचा उपयोग काय? पाटणच्या ग्राहकालाही हा प्रश्न पडू शकला असता.

उत्तर सावलीत आहे. विषुवदिनी माध्यान्ही १२ अंगुळांचा शंकू उभा केला, तर मुंबईत त्याची सावली सुमारे ४.१३ अंगुळे पडते. ही पलभा. शंकूचा वर्ग १४४, पलभेचा सुमारे १७. बेरीज १६१, तिचे मूळ १२.६९, हा पलकर्ण. शंकू आणि कर्ण यांमधला कोन म्हणजे आपला अक्षांश, सुमारे १९ अंश. आता हे समीकरण शंकूच्या वर्गाने भागा: एक अधिक टॅन वर्ग बरोबर सेक वर्ग. पलभेच्या वर्गाने भागा: कॉट आणि कोसेकची जोडी. कर्णाच्या वर्गाने भागा: साइन वर्ग अधिक कोस वर्ग बरोबर एक. नित्यसमानता तीन नाहीत, एकच आहे. बदलतो तो भाजक.

सरळ रूप देण्यामागे श्रम वाचवण्याची गरज होती. कोन एका अंशाने वाढला की नव्या ज्येसाठी भास्कराचार्य वर्गमुळे काढत बसत नाहीत. जुन्या ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करा, कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागा आणि ते मिळवा. दोन कोनांच्या बेरजेच्या सूत्राचे हे सरळ रूप. त्यावर ९० ज्यांचे कोष्टक उभे राहते. आजच्या मापाने १ अंशाची ज्या ०.०१७४५२४, आणि १० भागिले ५७३ म्हणजे ०.०१७४५२०.

ज्यांच्या कोष्टकावाचून ग्रहांची गणिते होत नाहीत, आणि त्यांवाचून तिथी किंवा ग्रहण सांगता येत नाही. पाटणच्या ग्राहकाला ज्या-कोटिज्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या घरचा सणवार त्याच हिशेबातून येत होता, आणि त्याची किंमत तो बाजारात भरत होता.