लागलेली, जडलेली, सुटलेली

पारनेर-श्रीगोंद्याकडच्या एखाद्या गावात अमक्या घराची वाताहत कशी झाली असं विचारलं, तर उत्तर बहुधा तीन शब्दांत मिळतं : "त्याला दारू लागली." या वाक्याचा कर्ता दारू आहे. माणूस 'त्याला' होऊन बाजूला उभा आहे. तहान लागते, ठेच लागते, धाप लागते, तशीच दारू लागते. थोडं सावरून बोलणारा म्हणेल, "व्यसन जडलं." जडणं हे क्रियापद मराठीत दुखण्यासाठीही वापरतात : दमा जडतो, खोकला जडतो.

व्यसन हा आजार आहे, हे डॉक्टर आणि समुपदेशक जीव तोडून सांगत असतात आणि ऐकणाऱ्याला ते पटत नाही. पण आपल्या क्रियापदांनी ते केव्हाच मान्य केलं आहे. अडवतात ती नामं. दारुडा, बेवडा, पेताड, गर्दुल्ला. दमा जडलेल्याला आपण दवाखान्यात नेतो. पेताडाला कुठे न्यायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण ते नाव ठेवलं तिथेच निकाल लागलेला असतो. घराघरांत जाऊन व्यसनाविषयी बोलणाऱ्यांनी सुरुवात या क्रियापदांपासून करावी, असं मला फार वाटतं.

'व्यसन' शब्दाचा स्वभावही मुळात दूषण देण्याचा नव्हता. 'वि' आणि 'अस्', म्हणजे फेकणं. जे माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर फेकतं ते व्यसन, अशी फोड कौटिल्यानेच केली आहे. अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण सगळं व्यसनांवर आहे, आणि त्यात मद्य, द्यूत, शिकार यांच्या बरोबरीने आग, पूर, रोगराई आणि दुष्काळही येतात. राज्यावर कोसळणारं प्रत्येक संकट त्याच्या लेखी व्यसन. दुष्काळाच्या पट्ट्यात पिढ्या काढलेल्या नगर जिल्ह्याला हा जुना अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. दुष्काळ पडला तर आपण शेतकऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करत नाही. चारा, पाणी, कर्ज यांचं बघतो. शिवाय कौटिल्याने राज्याची सात अंगं धरली आणि एकाचं व्यसन दुसऱ्याला कसं ग्रासतं ते तपासलं : राजा बिघडला की खजिना, सैन्य, मित्र सगळेच ढासळतात. कुटुंबाचंही तसंच होतं. पिणारा एक असतो, पण दुधाचा पगार, पोरीची शाळा, सोयरे, शेजार, सगळं त्याच्याबरोबर खचत जातं. म्हणून उपचारही एकट्यावर करून भागत नाही.

दारूची गोष्ट आणखी निराळी आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीत हा अर्थ 'दवादारू' या जोडशब्दात अजून टिकून आहे. दुसरा अर्थ बंदुकीची दारू, आणि त्याचा नगरशी घट्ट संबंध. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-ए-मैदान' ही अजस्र तोफ 1549 साली ओतली गेली ती अहमदनगरात. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी इथल्या किल्ल्याच्या तटाखाली सुरुंगात ठासली तीही दारूच. तट फुटला आणि त्या खिंडारात चांदबीबी उभी राहिली. औषध, स्फोटक आणि मद्य या तिघांना एकच नाव मिळालं, आणि घराघरांत तिसऱ्याची ओळख अजूनही पहिल्याच्या नावाने करून दिली जाते : थकवा जातो, झोप लागते, थंडीत बरी. सरकारी भाषेत दारूच्या कारखान्याला 'आसवनी' म्हणतात. तिथेही आसव, म्हणजे वैद्याच्या बाटलीतलं औषधच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ते आसव निघतं मळीतून. मळी हा शब्द मात्र स्वतःविषयी काही लपवत नाही.

'पहिल्या धारेची' हे कौतुकाचं विशेषण आपण भाषणाला, लेखणीलासुद्धा लावतो. ते आलं हातभट्टीवरून. भट्टीच्या नळीतून पहिल्यांदा उतरते ती सर्वांत कडक. पण दारूत विषारी मिथेनॉल मिसळलेलं असेल, तर ती जीव घेते. नगर तालुक्यातल्या पांगरमलला फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या दिवसांत, बनावट दारूने माणसं दगावली. तेव्हापासून हे विशेषण कौतुकाने वापरायला माझी जीभ वळत नाही.

माझ्या मते या सगळ्या शब्दांत सर्वांत नेमका शब्द 'अंमल'. अरबीत 'अमल' म्हणजे काम, कृती. मराठीत तो राज्यकारभार झाला : निजामशाहीचा अंमल, पेशव्यांचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी. आणि तोच शब्द नशेला : अंमल चढला, अंमल उतरला, अंमली पदार्थ. दुसऱ्याचं राज्य आल्यावर काय होतं? घर आपलंच असतं, हुकूम त्याचा चालतो. उठायचं कधी, पैसे कुठून आणायचे, कुणाशी खोटं बोलायचं, हे तो ठरवतो. इंग्रजीतल्या 'ॲडिक्ट'चं मूळही याच्या जवळच सापडतं. रोमन कायद्यात कर्ज फेडता न आल्यामुळे न्यायाधिकाऱ्याने सावकाराच्या ताब्यात दिलेला माणूस म्हणजे 'ॲडिक्टस'. दोन दूरच्या समाजांनी एकच अवस्था पाहिली आणि तिला सत्तेच्या भाषेत नाव दिलं. "मनात आणलं तर सोडेल" असं म्हणणाऱ्यांना मी अंमल या शब्दाची आठवण करून देतो. मनावरच अंमल बसलेला असतो.

'गर्द' फारसीतला, अर्थ धूळ. बखरींतलं 'गर्दीस मिळवणं', म्हणजे धुळीला मिळवणं, याच कुळातलं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या पोरांनी भुरकट पुडीला हे नाव दिलं. अनिल अवचटांनी या पोरांवर 'गर्द' लिहिलं, आणि त्यातूनच पुढे 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. सुनंदा अवचट आणि त्यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत मागे होती. तिथे दाखल होणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात आणि पत्नींच्या गटाला 'सहचरी'. नाव बदललं की उपचार होत नाही, हे कबूल. पण पेताड म्हणून हाक मारलेला माणूस त्या दारातून आत येत नाही.

आमच्या जिल्ह्याचा शब्द 'बंदी'. 1975 नंतर अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत दारूभट्ट्या बंद पाडल्या. पुढे हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या रांगेत नशाबंदी बसवली. मोठी कामं आहेत ही. डोंगर पुन्हा हिरवे झाले, घरात पैसा राहू लागला. 'आडवी बाटली' हाही अस्सल नवा मराठी शब्द : दुकान बंद करण्यासाठी बाया मतदानाला उतरतात तेव्हा मतपत्रिकेवर आडव्या बाटलीला मत म्हणजे बंद, उभीला म्हणजे चालू. पण राळेगणमध्ये पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं गेलं, हेही जगजाहीर आहे, आणि ते मला मान्य होत नाही. बंदी दुकानावर चालते. आजार जडलेल्या शरीरावर मार चालत नाही.

उलट, अचानक केलेल्या बंदीत शरीराचं काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. कुणाला आकडी येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होऊ शकतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात. खेड्यात याला 'बाहेरचं' म्हणतात आणि उतारा टाकतात. कुणी शहाणा उतारा म्हणून पुन्हा क्वार्टर पाजतो. हा जिवावर बेतणारा प्रसंग असतो आणि त्याला दवाखाना लागतो.

नगरच्या मातीत सुटकेचाही एक जुना शब्द आहे : "त्याने माळ घातली." ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातलं, आणि दिंडीच्या वाटेवर किती जणांची दारू सुटली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माळेबरोबर नुसती शपथ येत नाही. रोजचा हरिपाठ, एकादशी, सोबतीला उभी राहणारी चार माणसं येतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीतही हेच घडतं : ठरलेली वेळ, तीच सोबत, आणि फक्त आजचा दिवस. तिथे माणूस उठून आपली कैफियत सांगतो. कैफ आणि कैफियत एकाच अरबी 'कैफ'पासून आले, ज्याचा अर्थ 'कसा', 'कोणत्या अवस्थेत'. अवस्था विसरवणारा कैफ, आणि अवस्था सांगणारी कैफियत.

घरच्यांसाठी मराठीने एक फरक फार बारकाईने करून ठेवला आहे, तो मी गावोगाव फळ्यावर लिहायला सांगेन : पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं. कारखान्यात "ताप आलाय" असा निरोप धाडणं, दुकानाची उधारी गुपचूप फेडणं, पाहुण्यांसमोर "दमलेत, झोपलेत" म्हणणं, हे पाठीशी घालणं. यात प्रेम खरं असतं, पण त्या प्रेमावरच अंमलाची चूल पेटत राहते. खोटा निरोप न धाडता त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाणं, बैठकीच्या संध्याकाळी दुसरं काम न काढणं, पुन्हा लागली तर "शेवटी तू दारुडाच" हे न म्हणता पुन्हा दवाखान्याची वाट धरणं, हे पाठीशी उभं राहणं. आणि "बायकोच धड नाही म्हणून पितो" असं म्हणणाऱ्या सासूला, जावेला, भावकीला कुणीतरी त्या बायकोच्या देखत सांगायला हवं, की ती त्याला दारू लागण्याचं कारण नाही.