समुद्रशेवाळाची शेती

आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, टूथपेस्टचे पाणी वेगळे सुटू नये म्हणून त्यांत कॅराजीनन नावाचा पदार्थ मिसळतात. घरोघरी पुडिंग घट्ट करण्यासाठी वापरला जाणारा ‘चायना ग्रास’, म्हणजेच अगर, हा त्याचा भाऊबंद. दोन्ही लाल समुद्रशेवाळापासून मिळतात. जगात दरवर्षी साडेतीन कोटी टनांहून अधिक ओले समुद्रशेवाळ निघते आणि त्यातील सुमारे ९७ टक्के लागवडीचे असते. चीन व इंडोनेशिया यात आघाडीवर आहेत. भारताचा वाटा मात्र नगण्य आहे.

भारतातील व्यापारी लागवडीचा इतिहास प्रामुख्याने तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्याचा आहे. तेथील कोळी स्त्रिया बेटांभोवती बुड्या मारून नैसर्गिक शेवाळ गोळा करीत आल्या आहेत. १९८६ मध्ये मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान झाल्यावर या कामावर निर्बंध आले. कॅपाफायकस ही मूळची आग्नेय आशियातील जात भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने भारतात रुजवली आणि २००० नंतर पेप्सिको कंपनीने तिची व्यापारी लागवड सुरू केली. किनाऱ्यावर या शेवाळाला ‘पेप्सी पासी’ हे नाव पडले. पासी म्हणजे तमिळमध्ये शेवाळ! कंपनी २००८ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली.

लागवडीची पद्धत साधी आहे. सुमारे तीन मीटर लांब-रुंद बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणून त्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. साठ किलो बियाणे लावल्यास सुमारे ४५ दिवसांत दोनशे ते अडीचशे किलो ओले पीक हाती येते. वाळल्यावर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. बांधणी, काढणी आणि वाळवणीचा मोठा भार महिला बचत गटांवर असतो. ताज्या शेवाळाचा रस काढून तो पिकांवर फवारता येतो व उरलेल्या चोथ्यापासून कॅराजीनन मिळते. एकाच पिकाचे असे दोनदा पैसे होतात.

या शेतीला जमीन, गोडे पाणी, खत किंवा कीटकनाशक लागत नाही. उलट शेतातून व सांडपाण्यातून समुद्रात आलेले नत्र आणि स्फुरद शेवाळ शोषून घेते. तराफ्यांखाली माशांच्या पिलांना आसराही मिळतो. हवेतील कर्बाबाबत केले जाणारे दावे मात्र जपून घ्यावेत. शेवाळ कर्ब शोषते हे खरे, पण ते खाल्ले किंवा कुजले की त्यातील बहुतांश कर्ब परत जातो. अॅस्परागॉप्सिस हे लाल शेवाळ गुरांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळल्यास त्यांच्या पोटात तयार होणारा मिथेन घटतो, हे प्रयोगांत दिसले आहे. तो लाभ अधिक ठोस म्हणावा लागेल.

धोकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. लागवडीतून निसटलेले कॅपाफायकस मन्नारच्या आखातातील क्रुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद संशोधकांनी २००८ मध्ये केली. प्रवाळ झाकले गेले की सूर्यप्रकाशाअभावी मरते आणि त्याच्या आधाराने जगणारी मासळीही जाते. ज्या मासेमारांना पूरक उत्पन्न मिळावे म्हणून ही शेती आणली, नुकसान अखेर त्यांचेच! म्हणूनच तराफे कोठे लावायचे, हा प्रश्न किती लावायचे यापेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरी अडचण बियाण्याची. प्रत्येक पीक आधीच्या पिकाचे तुकडे लावूनच घेतले जात असल्याने सारे शेवाळ जवळजवळ एकाच रक्ताचे राहते. २०१२-१३ च्या सुमारास उत्पादन दीड हजार टन वाळलेल्या शेवाळापर्यंत पोहोचले होते. त्यानंतर समुद्राचे पाणी तापले, पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि कित्येक कुटुंबे पुन्हा बुड्या मारण्याकडे वळली. कोकणाची अडचण वेगळी आहे: पावसाळ्यात खवळलेल्या उघड्या समुद्रात बांबूचे तराफे टिकत नाहीत, त्यामुळे तेथे हंगाम अपुरा पडतो.

केंद्र सरकारने २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत समुद्रशेवाळाचा समावेश केला. त्याच योजनेतून रामनाथपुरम जिल्ह्यात सुमारे १२७ कोटी रुपयांच्या शेवाळ उद्यानाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. उष्णता सोसणारे, निरोगी बियाणे वेळेवर मिळावे, ही तेथील बचत गटांची पहिली गरज आहे.