तळटीप : शीरमाल आणि बालाई

‘बालाई’ म्हणजे दुधावरची जाड साय; फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, त्यावरून हा लखनवी शब्द. शीरमाल या रोटीवर बालाई घेणं ही नुसती लाडाची आवड, खरी जोडी निहारी या मांसाच्या रश्शाशीच, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. ‘शीर’ म्हणजेच दूध. मैदा दुधात भिजवतात, त्यात तूप आणि किंचित साखर पडते, तंदूरमध्ये भाजताना वर केशराचं दूध शिंपडतात. मग साय तिला परकी कशी? गरम तुकड्यावर ठेवली की ती कडेनं विरघळून केशरी होते.

लखनौच्या चौकात शीरमाल कबाब-निहारीबरोबर खातात हे खरंच; पण आपल्याकडेही पुरणपोळी कुणी दुधात कुस्करतं, कुणी कटाच्या झणझणीत आमटीबरोबर खातं.