आधी लिफ्ट, मग जिना

लंडनच्या भुयारी रेल्वेत व्हीलचेअरवरच्या माणसाची अडचण का होते, असे विचारले की एक उत्तर हमखास मिळते: रेल्वे १८६३ सालची, त्या काळी असला विचार कोण करणार? उत्तर पटण्यासारखे आहे, पण खोल बोगद्यांतल्या मार्गांचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १८६३ची मेट्रोपॉलिटन रेल्वे रस्ता खणून वरून झाकलेली, म्हणजे उथळच होती. १८९०मध्ये स्टॉकवेल ते किंग विल्यम स्ट्रीट ही विजेवरची गाडी खोलवरून धावू लागली, तेव्हा पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्ट तिच्याबरोबरच आल्या. १९०६-०७मध्ये उघडलेल्या तीन मार्गांसाठी लेस्ली ग्रीन या वास्तुरचनाकाराने गडद लाल, चकचकीत फरशांची जी स्थानके उभारली, ती तर लिफ्टभोवतीच आखलेली होती. खाली तिकीटघर आणि वरच्या मजल्यावर लिफ्टची यंत्रे. लंडनकरांना इतक्या खोल न्यायचे तर यंत्र हवेच, हे बांधणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

मग ४ ऑक्टोबर १९११ रोजी अर्ल्स कोर्ट स्थानकात भुयारी रेल्वेचा पहिला सरकता जिना सुरू झाला. बिचकणाऱ्या प्रवाशांना धीर यावा म्हणून कंपनीने बंपर हॅरिस नावाच्या, लाकडी पायाच्या माणसाला त्यावरून वरखाली फिरवले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण ज्या यंत्राने पुढे अपंगांची वाट अडवली त्याची जाहिरात एका अपंगाकरवी झाली, ही कल्पनाच बोलकी आहे. लिफ्टसाठी गर्दीला थांबावे लागे आणि लिफ्ट चालवायला माणूस पगारावर ठेवावा लागे. सरकता जिना न थांबता माणसे ओतत राहतो. पिकॅडिली सर्कस स्थानक १९०६मध्ये आठ लिफ्टनिशी उघडले. १९०७ साली तिथे पंधरा लाख प्रवासी होते, १९२२पर्यंत ते एक कोटी ऐंशी लाखांवर गेले. १९२८मध्ये चौकाखाली नवे गोल तिकीटघर आणि अकरा सरकते जिने झाले, आणि पुढच्याच वर्षी लिफ्ट बंद झाल्या. गर्दीच्या हिशेबाने निर्णय बिनचूक होता. मात्र त्या हिशेबात जिन्यावर पाय ठेवू न शकणारा माणूस धरलाच नव्हता.

यावर आक्षेप येईल की त्या जुन्या लिफ्ट अपंगांसाठी नव्हत्याच. लिफ्टमधून उतरल्यावर फलाटापर्यंत अनेक ठिकाणी पायऱ्या होत्याच. हे खरे आहे, आणि १९०६ साली सगळे आलबेल होते असा माझा दावाही नाही. पण खोलीचा मोठा प्रश्न तेव्हा सुटलेला होता, उरल्या होत्या मूठभर पायऱ्या. जिथे लिफ्ट काढून सरकते जिने बसवले, तिथे पुन्हा आख्खी खोली आडवी आली. शिवाय जुनेपणाची सबब व्हिक्टोरिया लाइनपुढे टिकतच नाही. १९६८ ते १९७१ या काळात टप्प्याटप्प्याने उघडलेली ही लाइन त्या वेळी जगात अत्याधुनिक होती. चालकाने दोन बटणे दाबली की गाडी आपली आपण पुढच्या स्थानकापर्यंत जाई. एवढी हुशारी गाडीत घालणाऱ्यांनी स्थानकांची आखणी मात्र सरकत्या जिन्यांवरच केली.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. आगीसंबंधीच्या नियमांचा आधार घेऊन १९९३पर्यंत व्हीलचेअरला भुयारी स्थानकांत मज्जाव होता. आग लागली आणि लिफ्ट बंद पडली तर त्या माणसाला वर आणायचे कसे, हा प्रश्न खोटा नाही. (१९८७मध्ये किंग्ज क्रॉसला ३१ बळी घेणारी आग लागली ती मात्र एका लाकडी सरकत्या जिन्याला.) पण प्रश्न अवघड आहे म्हणून माणसालाच बाहेर ठेवणे, हे काही उत्तर नव्हे. १९९९मध्ये जुबिली लाइनच्या वाढीव टप्प्यातल्या अकराही स्थानकांत लिफ्ट झाल्या. तो धोका आवाक्यातला होता, हे त्याने दिसले.

राहिला तिसरा आक्षेप, खर्चाचा. वॉशिंग्टनच्या मेट्रोनेही सुरुवातीला तीच तक्रार केली होती. तिथे अपंगांच्या बाजूने लढणाऱ्यांनी कोर्ट गाठले, आणि लिफ्टवाचून स्थानक उघडता येणार नाही असा आदेश मिळवला. मार्च १९७६मध्ये पहिल्या गाड्या धावल्या तेव्हा गॅलरी प्लेस स्थानकाची लिफ्ट तयार नव्हती, म्हणून गाड्या तिथे न थांबता पुढे जात. ते स्थानक डिसेंबरात उघडले. इकडे लंडनमध्ये व्हिक्टोरिया लाइन ब्रिक्स्टन या शेवटच्या स्थानकापर्यंत पोचून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. तंत्रज्ञान दोन्हीकडे तेच होते, फरक होता तो कायद्याच्या धाकाचा.

लंडनमध्ये असा धाक बऱ्याच उशिरा, तोही चळवळीतून आला. आज तिथल्या २७२ भुयारी-रेल्वे स्थानकांपैकी सुमारे एकतृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांविना फलाट गाठता येतो, आणि पिकॅडिली सर्कस त्यांत नाही. नकाशावर व्हीलचेअरच्या दोन खुणा असतात: पांढरी फलाटापर्यंतची, निळी थेट गाडीच्या दारापर्यंतची. काही फलाटांचा एक तुकडा मुद्दाम उंच केलेला दिसतो, तो गाडीच्या जोत्याशी बरोबर जुळावा म्हणून. २०२२मध्ये उघडलेल्या एलिझाबेथ लाइनच्या मूळ आराखड्यात सात स्थानकांत पायऱ्यांविना फलाट गाठण्याची सोय राहणार नव्हती. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २०१४मध्ये त्या स्थानकांसाठी पैसे निघाले. त्या सातांत व्हिक्टोरियन काळातले, वारसा म्हणून जपलेले हॅनवेल स्थानकही होते. त्यालाही लिफ्ट बसल्या.