कंजेक्चर: पुराव्याआधीचा शब्द

‘कंजेक्चर’चं मूळ लॅटिनमध्ये: ‘कोन्’ म्हणजे एकत्र, ‘याकेरे’ म्हणजे टाकणं. खुणा एकत्र मांडून बांधलेला अंदाज. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत शकुनांचा, स्वप्नांचा अर्थ लावण्यालाही हाच शब्द होता.

गणितानं त्याला शिस्त लावली. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या म्हणजे दोन मूळ संख्यांची बेरीज, हे विधान गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या १७४२ मधल्या पत्रव्यवहारातलं. चारावर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत ते संगणकानं पडताळलं गेलं. सिद्धता मात्र नाही. म्हणून ते अजून कंजेक्चरच, आणि हा काटेकोरपणा मोलाचा आहे.

गणितज्ञ फर्माच्या ‘शेवटच्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विधानाला मात्र गणितज्ञ वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून ‘थिअरम’, म्हणजे सिद्ध झालेलं विधान, म्हटलं जाई. तो मान घाईनंच दिलेला.