बोल्ट रायफलींचे अर्ध-स्वयंचलित रूपांतर

हाताने बोल्ट ओढून चालवायच्या रायफलीला वायुदाबाची यंत्रणा जोडून ती आपोआप भरणारी करण्याचे युद्धकालीन प्रयोग. मशीनगनचा तुटवडा आणि कोठारांत पडून असलेल्या जुन्या रायफली, या दोन गोष्टींतून ते जन्मले. सर्वाधिक प्रयोग ली-एनफिल्डवर झाले. ही म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’.

या रायफलीत गोळी सुटल्यावर बोल्टचा दांडा वर उचलून मागे खेचावा लागतो. रिकामे काडतूस बाहेर पडते. दांडा पुढे ढकलून खाली पाडला की नवे काडतूस नळीत बसते. रूपांतरात हे कष्ट गोळीमागच्या वायूवर सोपवले जातात. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून वायू बाजूच्या नळकांड्यात शिरतो आणि दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्याला जोडलेल्या पट्टीतील तिरकी खाच बोल्टला आधी फिरवते, मग मागे नेते. स्प्रिंग त्याला परत पुढे आणते. नेमबाजाने फक्त चाप ओढायचा. अडचण अशी की हे हलते भाग उघड्यावर असतात. चिखल-वाळूची भीती कायमची, शिवाय बोल्ट नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ वेगाने मागेपुढे होतो.

यांतील सर्वांत यशस्वी प्रयोग न्यूझीलंडचा. हेस्टिंग्ज गावातील फिलिप चार्लटन यांनी जून १९४१ मध्ये आपला नमुना दाखवला. देशाची मुख्य सेना तेव्हा उत्तर आफ्रिकेत तैनात होती आणि घरी राहिलेल्या होमगार्डला ब्रेन किंवा लुईस मशीनगन मिळत नव्हती. चार्लटन यांनी बोअर युद्धाच्या काळातील ली-मेटफर्ड व ली-एनफिल्ड रायफली घेतल्या. त्यांना दट्ट्या, पुढची मूठ, दुपायी टेकू आणि ब्रेनचे सुधारलेले ३० काडतुसांचे मॅगझिन जोडले. वजन ७ किलोंच्या वर गेले. रोजच्या वापरासाठी एकेक गोळी, प्रसंग पडला तर सलग मारा, अशी योजना होती. सुमारे १,५०० नग तयार झाले. मोटार दुरुस्तीच्या दुनियेतल्या कारागिराने भंगारात जाऊ पाहणाऱ्या रायफलींतून इतके साधले, हे खरोखर थोर काम आहे. १९४४ च्या अखेरीस पामर्स्टन नॉर्थच्या शस्त्रकोठाराला लागलेल्या आगीत यांतील बहुतेक रायफली जळाल्या.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या जोसेफ ह्युओ यांनी रॉस रायफलीचे असेच रूपांतर केले होते. चाचण्या चांगल्या झाल्या, पण उत्पादनाआधीच युद्ध संपले. ब्रिटनची हॉवेल आणि दक्षिण आफ्रिकेची रीडर ही ली-एनफिल्डचीच इतर रूपे.

होमगार्डच्या या धडपडीच्या काळात न्यूझीलंडला जपानी आक्रमणाची भीती वाटत होती; तीच भीती एप्रिल १९४२ मध्ये मद्रासलाही (आजचे चेन्नई) भिडली. हजारो लोक शहर सोडून गेले. भारतात मात्र ईशापूरचा कारखाना ली-एनफिल्ड मूळ रूपातच बनवत राहिला. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीतही बनत. चीनशी १९६२ मध्ये लढताना भारतीय जवानांच्या हाती हीच रायफल होती. त्यानंतर सैन्याला अर्ध-स्वयंचलित एसएलआर मिळाली, ती जुन्याचे रूपांतर नव्हे, तर नव्या घडणीची. पोलिसांकडे मात्र थ्री नॉट थ्री राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांकडे हीच होती.